किडनीसाठी क्रिटिकल इलनेस पॉलिसी: रक्कम कधी मिळते, कुठे अडते

यादीतला गंभीर आजार झाला की ठरलेली रक्कम एकदम देणाऱ्या क्रिटिकल इलनेस पॉलिसीच्या माहितीपत्रकावर आजारांचा आकडा मोठ्या टायपात छापलेला असतो. कुणाचे १५, कुणाचे ३२, कुणाचे ६४. किडनी या याद्यांमध्ये हमखास असते. त्यामुळे ‘किडनीचा प्रॉब्लेम झाला की पंचवीस लाख’ असं एजंटही सांगून मोकळा होतो आणि घेणाराही तसंच धरून चालतो. या परीक्षणात पॉलिसी फक्त किडनीच्या बाजूने तपासली आहे. हार्ट ॲटॅक, कॅन्सर, पक्षाघात यांचे हिशेब निराळे आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. किडन्या ठणठणीत आहेत, वय चाळिशीच्या आत आहे, मेडिक्लेम आणि टर्म प्लॅन घेऊन झाले आहेत, अशा माणसाने ही पॉलिसी जरूर घ्यावी. ज्याचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा घटक) आधीच वाढलेलं आहे त्याला बहुतेक कंपन्या दारातूनच परत पाठवतात. अशा माणसाला ‘मी करून देतो, फॉर्मवर काही लिहू नका’ म्हणणारा एजंट भेटला तर तो हप्त्याचे पैसे बुडवायला निघाला आहे असं समजावं.

पैसे नेमके कशाचे

विमा नियामक आयआरडीएआयने २२ गंभीर आजारांच्या व्याख्या प्रमाणित केल्या आहेत, त्यामुळे कंपनी बदलली तरी किडनीची मूळ व्याख्या बदलत नाही. तिचा मथितार्थ असा: दोन्ही किडन्या कायमच्या, पुन्हा सुधारणार नाहीत अशा निकामी झालेल्या असाव्यात, त्यापायी नियमित डायलिसिस सुरू झालेलं असावं किंवा किडनी प्रत्यारोपण झालेलं असावं, आणि निदान तज्ज्ञ डॉक्टरांनी पक्कं केलेलं असावं.

यातला प्रत्येक शब्द पैशाचा आहे. किडनीच्या जुनाट आजाराचे टप्पे ईजीएफआरवर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याच्या अंदाजी आकड्यावर ठरतात. ९० च्या वर पहिला, ६० ते ८९ दुसरा, ३० ते ५९ तिसरा (त्याचेही दोन भाग पडतात, ४५ च्या वर आणि खाली), १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. चौथ्या टप्प्यातला माणूस दमलेला असतो, हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, पायावर सूज असते, जेवणातलं मीठ आणि डाळी मोजून मिळतात, दर महिन्याला नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीतज्ज्ञाकडे) खेपा चालू असतात. पॉलिसीच्या लेखी त्याला अजून काहीच झालेलं नाही. पाचव्या टप्प्यात आकडा १५ च्या खाली आला म्हणून डॉक्टर लगेच डायलिसिस लावत नाहीत; उलट्या, धाप, भूक मरणं, पोटॅशियम आवरेनासं होणं अशी लक्षणं पाहून निर्णय होतो, आणि पुष्कळदा तोवर ईजीएफआर ५ ते १० च्या दरम्यान गेलेला असतो. त्याआधी काही आठवडे हातावर फिस्टुलाचं (डायलिसिससाठी शीर रोहिणीला जोडण्याचं) ऑपरेशन होतं, कारण ती शीर सुई टोचण्याजोगी फुगायला वेळ लागतो. फिस्टुला झाला तरी प्रमाणित व्याख्येप्रमाणे रक्कम मिळत नाही. डायलिसिस सुरू झाल्यावरच ती मिळते.

पोटातून करायचं डायलिसिस, म्हणजे पेरिटोनियल, व्याख्येत धरलेलं आहे. घरी पिशव्या लावणाऱ्या पेशंटला ‘तुम्ही हॉस्पिटलात जात नाही’ म्हणून कुणी अडवत असेल तर त्याला व्याख्या दाखवावी. डायलिसिस न लावता थेट प्रत्यारोपण झालं तरीही रक्कम मिळते. व्याख्येत ‘किंवा’ आहे. शिवाय प्रत्यारोपण हा यादीतला वेगळा आजारही असतो. दोन ओळींत नाव आलं म्हणून पैसे दोनदा मिळतील, असं मात्र नाही. साध्या पॉलिसीत एकदा रक्कम दिली की ती संपते. ‘मल्टिपे’ प्रकारात आजारांचे गट पाडलेले असतात आणि एका गटातून एकदाच पैसे मिळतात. किडनी निकामी होणं आणि किडनी प्रत्यारोपण एकाच गटात टाकलेलं असेल, तर किडनीसाठी तो ‘मल्टि’ फक्त नावापुरता. घेताना गटांचं पान उघडून पाहावं. बजाजच्या क्रिटी केअरसारख्या विभागवार पॉलिसीत किडनीचा विभाग वेगळा आणि प्रत्यारोपणाचा वेगळा आहे. अशा रचनेत दोन्ही विभाग घेतलेत का आणि एकाचा क्लेम झाल्यावर दुसरा चालू राहतो का, हे लेखी विचारून घ्यावं.

आता काय बसत नाही ते. मुतखडा, वारंवार होणारा युरिन इन्फेक्शनचा त्रास, नेफ्रोटिक सिंड्रोम, लघवीतून प्रथिनं जाणं, एक किडनी काढावी लागणं, दुसऱ्याला किडनी दान करणं: यातलं काहीच प्रमाणित व्याख्येत येत नाही. किडनीचा कॅन्सर झाला तर तो कॅन्सरच्या व्याख्येखाली जातो, किडनीच्या नाही. सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो तात्पुरत्या डायलिसिसबद्दल. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस झालेला कोकणातला शेतकरी, फुरसं किंवा घोणस चावलेला मजूर, मलेरियात किंवा सेप्सिसमध्ये किडनी बसलेला रुग्ण, यांना आयसीयूत डायलिसिस लागतं, बिल मोठं होतं. पण यातल्या पुष्कळांची किडनी काही आठवड्यांत परत काम करू लागते. ती पूर्ववत होण्याची शक्यता आहे तोवर ‘कायमची निकामी’ ही अट पुरी होत नाही. इथे मेडिक्लेमच लागतो. म्हणून मेडिक्लेमऐवजी क्रिटिकल इलनेस घेणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

तरीही आमच्या मते यादीतल्या व्याख्यांमध्ये किडनीची व्याख्या सगळ्यात स्वच्छ आहे. हार्ट ॲटॅकमध्ये ईसीजी आणि ट्रोपोनिन या रक्तचाचणीवर वाद घालता येतो. पक्षाघातात तीन महिन्यांनंतर व्यंग किती उरलं यावर घोळ होतो. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशिनला लागणाऱ्या माणसाला डायलिसिस चालू नाही असं कुणी म्हणू शकत नाही. त्यामुळे किडनीच्या क्लेममध्ये ‘आजार झाला का’ यावर फारसं भांडण होत नाही. भांडण होतं ते तो केव्हापासून होता यावर.

तारखांची लढाई

किडनी बोलत नाही. मधुमेहाने ती खराब व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि त्यातला मोठा काळ लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाशिवाय कसलीही खूण नसते. आजार इतका लांबलचक असल्यामुळे पॉलिसीची तारीख त्याच्या मध्येच कुठेतरी पडते, आणि तिथेच क्लेम अडकतो.

पहिली भिंत ९० दिवसांची. बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचे ९० दिवस प्रतीक्षा काळ असतो. विभागवार पॉलिसींमध्ये काही आजारांना तो जास्तही असू शकतो. वाचताना पाहायचं ते हे, की अट ‘निदान’ या शब्दावर आहे की ‘लक्षणं किंवा खुणा’ यावर. दुसऱ्या प्रकारचं कलम किडनीसाठी जास्त धोक्याचं. पॉलिसी घेतल्यावर दोन महिन्यांनी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये लघवीत ‘अल्ब्युमिन प्लस टू’ आलं, डॉक्टरांनी ‘नंतर बघू’ म्हटलं, आणि सात वर्षांनी डायलिसिस लागलं, तर तो जुना रिपोर्ट कंपनीच्या हातात पडल्यावर ‘खूण ९० दिवसांत दिसली होती’ असा मुद्दा निघू शकतो.

दुसरी भिंत आधीपासूनच्या आजाराची. २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य विम्यात हा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. आधी तो ४८ महिने होता. आधीचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यावर उपचार झाले किंवा सुचवले गेले तो. मधुमेह जाहीर करून पॉलिसी मिळाली असेल, तर मधुमेहाची थेट गुंतागुंत म्हणून होणारा किडनीचा आजारही त्याच प्रतीक्षा काळाच्या कक्षेत येतो आणि तो काळ उलटल्यावर संरक्षणात येतो. पण क्रिटिकल इलनेस पॉलिसींच्या शब्दरचनेत अधूनमधून ‘आधीच्या आजारातून उद्भवलेला कुठलाही गंभीर आजार’ असं सरसकट अपवादाचं कलम दिसतं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने हे कलम शोधावंच. त्याला मुदत आहे की नाही, हे कंपनीला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावं. एजंटच्या फोनवरच्या ‘होऊन जाईल’ला क्लेमच्या वेळी शून्य किंमत असते.

तिसरी गोष्ट माहिती लपवण्याची. आरोग्य विम्यात सलग ६० महिने पॉलिसी चालली की कंपनीला माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक याला अपवाद. आधी ही मुदत ८ वर्षं होती. मध्येच विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेसाठी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आयुर्विम्याच्या रायडरला, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा संरक्षणाला, विमा कायद्याचं कलम ४५ लागू होतं आणि तिथे मुदत ३ वर्षांची आहे. ही तीन वर्षं पॉलिसी देण्याची, जोखीम सुरू होण्याची, पुनरुज्जीवनाची किंवा रायडर जोडल्याची तारीख, यांतली जी सगळ्यात उशिराची असेल तिथून मोजतात. म्हणजे हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि नंतर चालू करून घेतली, तर घड्याळ परत शून्यावर येतं. किडनीसारख्या संथ आजारात हे फार महागात पडतं, म्हणून हप्ता बँकेतून आपोआप वळता होईल असं करून ठेवावं.

आता कागदाकडे जवळून पाहू. क्लेम तपासणारा माणूस बिलं नंतर बघतो, आधी डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ वाचतो: ‘के/सी/ओ डीएम १२ वर्षं, एचटीएन ८ वर्षं, सीकेडी ५ वर्षं’, म्हणजे मधुमेह १२, रक्तदाब ८ आणि किडनीचा जुनाट आजार ५ वर्षांपासून. ही ओळ रात्री दोन वाजता ॲडमिट करताना निवासी डॉक्टरने लिहिलेली असते आणि तिचा आधार म्हणजे घाबरलेल्या नातेवाइकाचं ‘शुगर ना, असेल दहा-बारा वर्षं’ हे उत्तर. पॉलिसी ९ वर्षांची आणि मधुमेह प्रत्यक्षात ७ वर्षांचा असेल, तर या एका ओळीने पॉलिसीआधी तीन वर्षं मधुमेह असल्याचा पुरावा तयार होतो. मग मधुमेहाचा पहिला रिपोर्ट, पहिली चिठ्ठी, फॅमिली डॉक्टरचा केस पेपर दाखवून हॉस्पिटलकडून दुरुस्तीचं पत्र घ्यावं लागतं. ते कागद असतील तरच मिळतं. ॲडमिशनच्या वेळी वर्षं ठामपणे माहीत नसतील तर ‘नक्की माहीत नाही, रिपोर्ट बघून सांगतो’ एवढंच बोलावं. खरी तारीख लपवण्यासाठी या ओळीशी खेळ करू नये. तपासनीस औषधाच्या दुकानापर्यंत आणि जुन्या लॅबपर्यंत पोहोचतात.

चौथी तारीख सर्व्हायव्हल पिरियडची, म्हणजे निदानानंतर जगण्याच्या अटीची. सर्रास ३० दिवस असते, काही पॉलिसींत कमी. यूरिया वाढून बेशुद्धावस्थेत आलेला रुग्ण, डायलिसिस सुरू झालं आणि बाराव्या दिवशी गेला, तर ३० दिवसांच्या पॉलिसीत घरच्यांना काही मिळत नाही. तिथे टर्म विमा कामाला येतो. दोन पॉलिसी बाकी सारख्या असतील तर ही अट ज्यात कमी आहे ती घ्यावी.

स्वतंत्र पॉलिसी की रायडर

रायडर स्वस्त आणि सुटसुटीत असतो. एलआयसीच्या न्यू क्रिटिकल इलनेस बेनिफिट रायडरमध्ये १५ आजार आहेत. त्यात किडनी निकामी होणं आणि अवयव प्रत्यारोपण दोन्ही येतात. किडनीपुरतं बोलायचं तर १५ च्या यादीने आणि ६४ च्या यादीने काहीही फरक पडत नाही, तेव्हा आकड्यावर हप्ता वाढवून देऊ नये.

रायडर घेताना दोन सापळे. पहिला: टर्म विम्यातला ‘ॲक्सिलरेटेड’ प्रकार. यात गंभीर आजाराची रक्कम टर्मच्या रकमेतूनच दिली जाते. १ कोटीच्या टर्ममधून २५ लाख घेतले की मृत्यूचं संरक्षण ७५ लाखांवर येतं. डायलिसिसवर गेलेल्या माणसाला पुन्हा टर्म विमा विकत मिळत नाही, मग आहे त्यातला चौथा हिस्सा आजारपणातच खर्ची घालणं किडनीच्या बाबतीत तर अगदीच चुकीचं. ‘ॲडिशनल’ प्रकार मागावा, हप्ता थोडा जास्त पडला तरी.

दुसरा सापळा वयाचा. रायडर मूळ पॉलिसीबरोबर किंवा ठरावीक वयाला संपतो. पस्तिशीत-चाळिशीत मधुमेह लागलेल्याची किडनी बसायला जो काळ लागतो तो धरला, तर धोका वाढतो तो पन्नाशीच्या पुढे. साठीला संपणारा रायडर म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी परत करायची छत्री. स्वतंत्र आरोग्य विमा पॉलिसीचं नूतनीकरण वयाच्या कारणाने नाकारता येत नाही. हप्ता मात्र वयाबरोबर चढत जातो आणि उतारवयात तो चांगलाच टोचतो. हप्ता परवडणार असेल तर आमचा कौल स्वतंत्र पॉलिसीला. नाहीतर टर्मवर ॲडिशनल रायडर आणि गंभीर आजारात पुढचे हप्ते माफ करणारा वेव्हर, ही जोडी चांगली बसते. हा वेव्हर दुर्लक्षित राहतो, पण डायलिसिस सुरू झाल्यावर टर्म विमा हप्त्याअभावी बंद पडू नये यासाठी त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

कंपनीकडून मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसीतलं क्रिटिकल इलनेस कव्हर बोनस समजावं. आठवड्यातले तीन अर्धे दिवस मशिनवर गेले की नोकरी टिकवणं कठीण होतं, आणि नोकरी गेली की ते कव्हरही जातं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. जुन्या कोटेशनशी तुलना करताना तो वजा करून पाहावा.

रक्कम किती घ्यावी

आठवड्याला ३ म्हणजे वर्षाला १५६ डायलिसिस. खासगी सेंटरमध्ये एका खेपेचे २,००० रुपये धरले तर ३ लाख १२ हजार. हा आकडा पाहून लोक घाबरतात, पण नेमका हाच खर्च इतर मार्गांनी भागतो: डायलिसिस डे-केअर उपचारात येतं, त्यामुळे मेडिक्लेममधून मिळतं, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत डायलिसिस होतं, जिल्हा रुग्णालयांत २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातली केंद्रं आहेत, कामगार राज्य विम्यात नोंद असलेल्या कामगारांना ईएसआयसी आहे. जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं आहे आणि किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेलेली आहे.

हे मार्ग जिथे थांबतात तिथे क्रिटिकल इलनेसच्या पैशाचं काम सुरू होतं. बुडालेला पगार. तालुक्याहून शहरातल्या सेंटरला आठवड्यातून तीनदा येणं-जाणं, सोबत एक माणूस. हिमोग्लोबिनची इंजेक्शनं. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. मेडिक्लेम डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस, बहुधा ६० ते १८०, एवढ्यापुरताच त्यांचा खर्च देतो. दात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळ मेडिक्लेम देतात, पण दात्याच्या आधीच्या तपासण्या आणि त्याची बुडालेली मजुरी देत नाहीत.

महिना ५० हजार कमावणाऱ्याचं निम्मं उत्पन्न पाच वर्षं बुडालं असं धरा: १५ लाख. गोळ्यांचे महिना १० हजार, पाच वर्षांचे ६ लाख. प्रवास, राहणं, तपासण्या यांना तीन-चार लाख. बेरीज पंचवीसच्या आसपास येते. म्हणून वार्षिक उत्पन्नाच्या चार-पाच पट हा ठोकताळा किडनीसाठी ठीक आहे. ५ लाखांची पॉलिसी एजंट ‘सुरुवात म्हणून’ देतात; तेवढ्यासाठी वैद्यकीय तपासणीची आणि कागदपत्रांची उठाठेव करण्यात अर्थ नाही.

फॉर्म भरताना

फॉर्म एजंट भरतो आणि सगळीकडे ‘नाही’वर खूण करत जातो. पॉलिसीसोबत त्या फॉर्मची प्रत येते, ती वाचावी. मधुमेह, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, मुतखडा, आई-वडील-भावंडांतला किडनीचा आजार (विशेषतः बहुगाठी किडनी, जी पिढ्यांतून येते), नियमित वेदनाशामक गोळ्या: जे आहे ते लिहावं. काही चुकीचं निघालं तर ३० दिवसांच्या फ्री-लूक काळात दुरुस्त करून घ्यावं, नाहीतर पॉलिसी परत करावी. पॉलिसीबरोबर ग्राहक माहितीपत्रक देणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि ते मराठीत मागता येतं. फार थोडे लोक मागतात. मागावं, प्रतीक्षा काळ आणि अपवाद त्यात थोडक्यात येतात.

घेण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्यावं असा आमचा आग्रह आहे. गुणोत्तर ३० च्या खाली असेल तर तो रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. पॉलिसी घेताना किडनी धड होती याचा त्याच्याइतका चांगला पुरावा नाही. वर आलं तर ते फॉर्मवर लिहावं लागेल आणि कदाचित पॉलिसी मिळणार नाही, पण त्या टप्प्यावर कळलेला किडनीचा आजार औषधांनी बराच काळ थोपवता येतो. पॉलिसीपेक्षा तो फायदा मोठा.

क्लेम

कळवायला उशीर करू नये. डायलिसिस कायमचं लागणार असं नेफ्रॉलॉजिस्टने सांगितलं की ईमेलने सूचना द्यावी. कागद नंतर पॉलिसीतल्या मुदतीत जातात. हा लाभ एकरकमी असल्यामुळे मूळ बिलं मेडिक्लेमला देऊन इथे साक्षांकित प्रती चालतात. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून यातले कापता येत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते डॉक्टरांचं अर्धवट पत्र. ‘पेशंट आमच्याकडे डायलिसिसवर आहे’ एवढं लिहून दिलं की कंपनीची क्वेरी आलीच. पत्रात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: दोन्ही किडन्या निकामी आहेत, हे अपरिवर्तनीय आहे, कारण काय, जुनाट आजाराचं निदान प्रथम कोणत्या तारखेला झालं, नियमित डायलिसिस कोणत्या तारखेपासून आणि आठवड्यातून किती वेळा. जोडीला तीन महिन्यांहून जास्त काळातले क्रिएटिनिनचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, डायलिसिस सेंटरचे चार्ट, फिस्टुलाच्या ऑपरेशनची नोंद आणि सोनोग्राफी.

सोनोग्राफीत एक मेख आहे. जुनाट आजारात किडन्या बहुधा आक्रसलेल्या दिसतात आणि ‘साइज लहान, कॉर्टिकोमेड्युलरी डिफरन्सिएशन गेलेलं’ (किडनीच्या बाहेरच्या आणि आतल्या थरातला फरक दिसेनासा झालेला) असा रिपोर्ट कंपनीला लगेच पटतो. पण मधुमेहाने निकामी झालेली किडनी नेहमीच्या आकाराची किंवा थोडी मोठीही असू शकते, आणि बहुगाठी आजारात तर ती चांगलीच मोठी असते. ‘किडनी नॉर्मल साइज’ वाचून तपासणारा ‘हे तात्पुरतं नाही कशावरून’ असं विचारतो. मधुमेही रुग्णाच्या पत्रात नेफ्रॉलॉजिस्टने आकार नॉर्मल असण्याचं कारण दोन ओळींत लिहिलं तर महिना-दोन महिने वाचतात.

रक्कम आल्यावर क्रिटिकल इलनेस पॉलिसी संपते, मेडिक्लेम संपत नाही. त्याचा हप्ता एकदाही चुकवू नये. डायलिसिसवरच्या माणसाला नवा मेडिक्लेम मिळणं जवळजवळ अशक्य असतं.

क्लेम नाकारला तर नाकारण्याचं पत्र कलमाच्या क्रमांकासह लेखी घ्यावं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. तिथे ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. अर्ज नकारानंतर एक वर्षाच्या आत करायचा. तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाही. आधीच्या आजाराच्या कारणावरून नकार असेल तर अर्जाला जोडायचे कागद दोनच प्रकारचे: पॉलिसी घेतानाचे नॉर्मल रिपोर्ट आणि आजाराच्या पहिल्या निदानाचा तारखेसह कागद. कंपनीचा सगळा आधार डिस्चार्ज कार्डावरची ती एक ओळ असेल, तर कंपनीने त्या काळातली एखादी तरी चिठ्ठी, रिपोर्ट किंवा औषधाचं बिल दाखवावं अशी मागणी अर्जातच लिहून टाकावी.